कमल रणदिवे

कमल जयसिंग रणदिवे (माहेरचे आडनाव समर्थ, जन्म : पुणे, ८ नोव्हेंबर १९१७, मृत्यू : ११ एप्रिल २००१) या भारतीय पेशीजीवशास्त्रज्ञ आणि कर्करोग-संशोधक होत्या. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातील पहिली ऊतक संवर्धन प्रयोगशाळा उभारली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून अभ्यासला. हे तिन्ही घटक एकत्र ठेवून पाहणाऱ्या भारतातील पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन या संस्थेच्या त्या संस्थापक होत्या. भारत सरकारने त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण हा किताब दिला.

बालपण आणि शिक्षण

कमल यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्रज्ञ असून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असत. आईचे नाव शांताबाई. आपल्या सर्व मुलांना, विशेषतः मुलींना, उत्तम शिक्षण मिळावे याविषयी वडील आग्रही होते. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यकीचा अभ्यास करावा आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी या दोन्ही बाबतींत वेगळा मार्ग निवडला. फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या आणि पुढील अभ्यासासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्‌सी. पदवी मिळविली. त्यांचा विषय सीताफळाच्या कुलातील वनस्पतींची पेशी-आनुवंशिकी हा होता. सीताफळाचा कर्करोगाशी वरवर पाहता काहीच संबंध नाही. परंतु पेशी विभागत असताना गुणसूत्रांचे काय होते हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जी शिस्त या अभ्यासाने लागते, तीच त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. पदव्युत्तर अभ्यासात त्यांना पतीचे मोठे साहाय्य झाले. या दांपत्यास एक मुलगा झाला.

खानोलकरांची प्रयोगशाळा

परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख, विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. पदवीसाठी संशोधन केले. ही पदवी त्यांना १९४९ मध्ये मिळाली.

कर्करोगाचे प्रकार समाजासमाजांत वेगवेगळ्या प्रमाणात का आढळतात, हा खानोलकरांच्या कुतूहलाचा विषय होता. धोतराच्या घट्ट काच्यामुळे कमरेच्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केले होते. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाकडेही त्यांचे लक्ष होते. रोग शोधताना रोग्याच्या सवयी, त्याचे कूळ आणि त्याचा परिसर एकत्र पाहावयाचे, ही दृष्टी रणदिवे यांना येथे मिळाली. मात्र रुग्णांच्या नोंदींवरून संबंधाचा केवळ तर्क करता येतो. कारण सिद्ध करावयाचे तर जिवंत पेशी आणि जिवंत प्राणी यांच्यावर प्रयोग करणे भाग होते. त्यांतील पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र त्या वेळी भारतात कोणाजवळ नव्हते.

बाल्टिमोर

खानोलकरांच्या प्रोत्साहनाने रणदिवे यांनी परदेशातील अधिछात्रवृत्ती मिळविली आणि अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे त्या ऊतक संवर्धनाचे तंत्र शिकल्या. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी अखंड वाढू लागल्या. हेला या नावाने त्या जगभर पसरल्या. त्या स्त्रीची संमती मात्र घेण्यात आली नव्हती, आणि या गोष्टीची उचित दखल घेतली जाण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली.

गे यांनी संथ गतीने फिरणाऱ्या नलिकांची पद्धत रूढ केली होती. नळी फिरत राहिल्याने पेशींना पोषक द्रव आणि हवा यांचा आळीपाळीने स्पर्श होई. हा द्रव तयार करणे हीच खरी कसोटी होती. कोंबडीच्या रक्तातील द्रव, गायीच्या गर्भाचा अर्क आणि मानवी नाळेतील रक्तजल यांचे मिश्रण गे वापरीत असत. साखर, क्षार व अमिनो आम्ले पुरविली तरी प्राण्याच्या पेशी सहसा वाढत नाहीत, रक्तजल मिसळले की वाढतात, हे संवर्धन करणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक होते. कारण नंतर उलगडले. शरीरातील पेशीला नुसते अन्न पुरत नाही. तिला विभागण्याचा निरोपही लागतो. रक्तजलात अत्यल्प प्रमाणात असणारी वृद्धिकारक प्रथिने हा निरोप घेऊन येतात आणि पेशीच्या पटलावरील ठरावीक ग्राहींना चिकटतात. ग्राही हे प्रथिनच असते. त्याचा बाहेरील भाग निरोप ओळखतो आणि आतील भाग पेशीत रासायनिक घटनांची साखळी सुरू करतो. कर्करोगाच्या पेशींपैकी पुष्कळशा अशा निरोपाविना किंवा अल्पशा निरोपावरही वाढत राहतात. रोगाचे मर्म येथे आहे, आणि ते पाहण्यासाठी पेशी काचेच्या नळीत असणे आवश्यक असते.

मुंबईतील ऊतक संवर्धन प्रयोगशाळा

इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था १९५२ मध्ये खानोलकरांच्या संचालकत्वाखाली परळ येथे स्थापन झाली. परदेशातून परतल्यावर रणदिवे तेथे वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम करू लागल्या. प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतक संवर्धनाची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. परकीय चलनाच्या टंचाईचा तो काळ होता आणि तयार संवर्धनद्रव्ये आयात करून कामात सातत्य राखणे अवघड होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्र या दोन्ही विषयांतील सहायक हाताशी घेऊन ही द्रव्ये आणि त्यांना लागणारी अभिकर्मके संस्थेतच तयार केली. त्यांच्या कार्याच्या आढाव्यांत या कामाला सहसा एखादे वाक्य मिळते. वास्तविक पुढील बहुतेक संशोधन त्याच्यावरच उभे आहे.

१९६६ मध्ये ही संस्था व टाटा मेमोरियल रुग्णालय यांचे मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. १९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी संशोधन संस्थेच्या प्रभारी संचालकपदाची धुरा सांभाळली. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिरक्षाशास्त्र हे तीन संशोधन विभाग त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले.

स्तनाचा कर्करोग : आनुवंशिकता, संप्रेरक आणि विषाणू

रणदिवे यांनी हा विषय हाती घेतला तेव्हा तीन वेगवेगळ्या दिशांनी पुरावे जमा झाले होते आणि ते परस्परांशी जुळत नव्हते.

पहिली दिशा संप्रेरकांची. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये स्तनाच्या बळावलेल्या कर्करोगात अंडाशये काढून टाकल्याने गाठी आक्रसल्याचे प्रसिद्ध केले. संप्रेरक हा शब्दही तेव्हा अस्तित्वात नव्हता. अंडाशय ओटीपोटात आणि गाठ छातीत, दोहोंना जोडणारी विशेष नस नाही. मग एकाचा परिणाम दुसऱ्यावर व्हावा कसा? रक्तातून जाणारे रासायनिक द्रव्य हे त्याचे उत्तर होते. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये आंत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचले, तेव्हा त्या नरांनाही स्तनग्रंथींचा कर्करोग झाला.

दुसरी दिशा आनुवंशिकतेची. भावाबहिणींचा संकर वीस किंवा अधिक पिढ्या करीत गेल्यास जवळजवळ एकसारख्या जनुकांचे उंदीर मिळतात. अशा काही वाणांत बहुतेक माद्यांना कर्करोग होई, तर काही वाणांत क्वचितच. तिसरी दिशा यातूनच निघाली. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले की, रोगप्रवण वाणाची पिले जन्मतःच निरोगी वाणाच्या मादीकडे दूध पिण्यास दिली, तर त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण पुष्कळ घटते. जन्मदात्रीचे जनुक तेच राहिले, बदलले ते दूध. दुधातून जाणारा हा घटक म्हणजे उंदरांच्या स्तनग्रंथीच्या कर्करोगाचा विषाणू होय, हे कालांतराने सिद्ध झाले.

यांपैकी कोणते कारण खरे, असा वाद घालण्याऐवजी रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्हींचे परस्परसंबंध तपासले. मुंबईच्या केंद्रात अंतःप्रजननाने सिद्ध केलेला आयसीआरसी हा उंदरांचा वाण या कामी महत्त्वाचा ठरला, कारण त्यातील माद्यांना स्तनग्रंथींच्या गाठी आपोआप मोठ्या प्रमाणात होत. ग्रहणशीलता वाणाकडून यावयाची, विषाणू आईकडून, आणि संप्रेरके प्राण्याच्या वयाप्रमाणे व गर्भधारणांप्रमाणे बदलत राहावयाची. रोग होणे न होणे या तिघांच्या मेळावर अवलंबून आहे, असा हा दृष्टिकोन होता. संप्रेरके, विषाणू आणि कर्करोगाची ग्रहणशीलता यांचा संबंध प्रस्थापित करणे ही त्यांच्या संशोधनाची मुख्य फलश्रुती मानली जाते.

संप्रेरकाचा निरोप पेशी ऐकते कशी, याचा उलगडा त्याच सुमारास अमेरिकेत होत होता. शिकागो येथे एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन प्राण्यांना देऊन ते कोठे जाते याचा माग काढला. रक्तातून ते सर्वत्र पोहोचत होते, पण गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांतच ते टिकून राहत होते, आणि तेही रासायनिक बदल न होता. त्या पेशींत इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे प्रथिन, म्हणजेच ग्राही, होते. मेदात विरघळणारे हे संप्रेरक पेशीच्या पटलातून सहज आत जाते, ग्राहीला चिकटते, आणि ही जोडी केंद्रकातील डीएनएच्या ठरावीक जागी बसून विशिष्ट जनुके कार्यान्वित करते. इन्शुलिन किंवा ॲड्रेनॅलीन यांना असा प्रवेश नसतो; त्यांचे ग्राही पटलावरच असतात आणि त्यांचा निरोप आतील दुसरे रेणू पुढे नेतात. रक्तातून निरोप सर्वांना जातो. ज्या पेशीत ग्राही आहे तिलाच तो ऐकू येतो. स्तनाची पेशी आणि हाताच्या त्वचेची पेशी एकाच रक्तावर पोसल्या जात असूनही वेगळ्या वागतात, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. ग्राहींचा हा शोध रणदिवे यांचा नव्हे. परंतु उंदरांतील ज्या संबंधांवर त्या काम करीत होत्या, त्यांचे रेण्वीय स्पष्टीकरण त्यामुळे मिळू शकले.

विषाणू आणि संप्रेरक यांचा संबंध तर अनपेक्षितपणे सरळ निघाला. हा विषाणू आपली जनुकीय प्रत पेशीच्या डीएनएमध्ये गुंफतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढील सुमारे दहा वर्षांत असे दिसून आले की, विषाणूच्या या प्रतीच्या टोकाशी स्टेरॉइड संप्रेरकांचे ग्राही नेमके बसू शकतील अशी जागा असते. कॉर्टिसोलसारखी संप्रेरके किंवा प्रोजेस्टेरॉन ग्राहीसह तेथे पोहोचले की विषाणूच्या प्रती वेगाने निघू लागतात. गर्भधारणा आणि स्तन्यकाळ यांत शरीर स्तनग्रंथींना वाढीचा व दूध तयार करण्याचा जो निरोप धाडते, त्याच निरोपावर विषाणूही आपली पैदास वाढवितो आणि दुधातून पुढील पिढीत जातो. प्राण्यांच्या शरीरातील संदेशवहनाचा परोपजीवीने केलेला इतका चतुर उपयोग क्वचितच पाहावयास मिळतो.

उंदरांवरून माणसांविषयी निष्कर्ष काढताना मात्र सावधगिरी बाळगावी लागते. मुंबईत पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक आढळत असे, आणि विषाणू दुधातून जात असेल तर मातांनी स्तनपान द्यावे की नाही, असा गंभीर प्रश्न त्यातून उभा राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेतील संशोधक आणि रणदिवे यांच्या संस्थेतील सत्यवती सिरसाट व टाटा मेमोरियलचे जाल पेमास्टर यांचा समावेश असलेल्या गटाने मानवी दुधात विषाणूसदृश कण आढळल्याचे नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या शोधाने खळबळ उडाली, परंतु पुढील अभ्यासांतून त्याला भक्कम पुष्टी मिळाली नाही. माणसांत असा विषाणू स्तनाच्या कर्करोगास कारणीभूत असल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. उलट स्तनपानामुळे मातेला या रोगाचा धोका काहीसा कमी होतो असे दिसते. आनुवंशिकतेचा धागा मात्र माणसांतही खरा ठरला. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके १९९४ व १९९५ मध्ये ओळखली गेली. संप्रेरकांचा धागा तर रोजच्या उपचारांत आला. इस्ट्रोजेनच्या ग्राहीत शिरून खऱ्या निरोपाची वाट अडविणारे टॅमॉक्सिफेन हे औषध १९७० च्या दशकात ब्रिटन व अमेरिकेत वापरात आले, आणि आज स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासताना तिच्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राही आहेत की नाहीत हे पाहिल्यावाचून उपचार ठरविले जात नाहीत.

तंबाखू आणि सुपारी

भारतीयांत विशेषत्वाने आढळणाऱ्या कर्करोगांची कारणे प्रयोगाने सिद्ध करण्याचे कामही रणदिवे यांनी केले. हॅम्स्टरच्या गालांतील पिशव्यांचे अस्तर मानवी तोंडाच्या अस्तराशी मिळतेजुळते असते. त्यावर सुपारीचे व तंबाखूचे अर्क लावून होणारे परिणाम त्यांच्या गटाने तपासले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुपारीच्या अर्कानेही गाठी निर्माण झाल्या. पान खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगाचा दोष तोपर्यंत मुख्यतः तंबाखूला दिला जात असे, म्हणून हा निष्कर्ष महत्त्वाचा होता. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे हे पुढे जागतिक स्तरावर मान्य झाले.

कुष्ठरोगाचा जिवाणू

कुष्ठरोगाचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढविता येत नाही, ही वैद्यकातील जुनी अडचण आहे. हा जिवाणू चेतातंतूंत आश्रय घेतो. खानोलकरांनी या रोगाचा चेतांच्या दृष्टीने सखोल अभ्यास केला होता, आणि रणदिवे यांच्याकडे पेशी वाढविण्याचे तंत्र होते. या दोन्हींच्या संगमातून १९५८ मध्ये केंद्रातील संशोधकांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतकांतून मिळालेला एक आम्लरोधी जिवाणू मानवी गर्भाच्या चेतापेशींच्या संवर्धनात वाढविला. तो आयसीआरसी जिवाणू म्हणून ओळखला जातो. तो कुष्ठरोगाचा प्रत्यक्ष जिवाणू नव्हता, त्याच्याशी साम्य असणाऱ्या दुसऱ्या गटातील होता. तथापि त्यापासून त्याच संस्थेत पुढे कुष्ठरोगाची लस तयार करण्यात आली आणि दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिची परीक्षा झाली. लस रणदिवे यांनी शोधली असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. लसीच्या मुळाशी असलेल्या मूलभूत संशोधनात त्यांचा वाटा होता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

स्त्री-वैज्ञानिकांची संघटना व ग्रामीण कार्य

संशोधनाच्या क्षेत्रात येणाऱ्या स्त्रियांना घर आणि प्रयोगशाळा यांच्या ओढाताणीत काम सोडावे लागते, हे रणदिवे यांनी जवळून पाहिले होते. १९७३ मध्ये मुंबईत त्यांनी सहकारी स्त्री-वैज्ञानिकांसह इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनची स्थापना केली. केवळ परिषदा भरविण्यावर ही संस्था थांबली नाही. नवी मुंबईत वाशी येथील तिच्या वास्तूत नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघरही चालविले जाते. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी ज्ञान घेऊन मायदेशी परतावे, असा त्यांचा आग्रह असे.

स्त्रिया आणि बालके यांच्या आरोग्याकडे त्यांचे विशेष लक्ष होते. आदिवासी बालकांच्या रक्ताचा प्रतिरक्षाशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास करण्याचा एक प्रकल्प त्यांनी राबविला. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाची माहिती गोळा केली. राजूर परिसरातील खेड्यांत त्यांनी स्त्री-वैज्ञानिक संघटनेच्या वतीने आरोग्य व पोषणाविषयी शिक्षण दिले. निवृत्तीनंतरही हे काम सुरू होते. गावांतील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यावर त्यांचा भर होता.

सन्मान

रणदिवे यांचे कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवरील दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध आहेत. १९६४ मध्ये त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. सुवर्णपदक आणि १५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रातील कार्यासाठी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कारही त्यांना देण्यात आला. १९८२ मध्ये त्या पद्मभूषण किताबाच्या मानकरी ठरल्या. त्यांच्या १०४ व्या जयंतीला, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे रेखाचित्र झळकविले. त्यांनी घडविलेली संशोधन संस्था आता नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग म्हणून काम करते.